पासष्टवरचं तुफान

त्याचं खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं आणि तिथेच राहिलं. गोदामात, चहाच्या टपरीवर, टोलनाक्यावर, इतकंच काय सासरच्या माणसांतही तो तुफान म्हणूनच ओळखला जाई. हे नाव आपल्याला लोकांनी दिलं असं तो सांगायचा. ट्रकच्या मागे रंगाऱ्याकडून ते ठळक अक्षरांत लिहून घेतलं ते मात्र त्याने स्वतः, आणि लोक तसं म्हणायला लागले ते त्यानंतर.

तीस वर्षं तो फरश्यांचा ट्रक चालवत होता. फरशी ही जड, ठिसूळ आणि कसलीही घाई नसलेली वस्तू. न्हाणीघराची फरशी दोन तास उशिरा पोचली म्हणून कुणी आंघोळीवाचून मेल्याचं ऐकिवात नाही. पण तुफानला रस्त्यात पुढे कोणी दिसलं की चैन पडत नसे. आणि मागून कोणी पुढे जाऊ पाहिलं, की हा पठ्ठ्या हळूच पाय दाबायचा. तो बिचारा बाजूच्या लेनमध्ये ना पुढे ना मागे असा लोंबकळत राहायचा. "मी कुणाला अडवत नाही," तुफान म्हणायचा, "फक्त ज्याची त्याची जागा दाखवतो."

संध्याकाळी घरी आल्यावर हे सगळं बायकोला ऐकावं लागे. ती शाळांचे आणि दवाखान्यांचे गणवेश शिवायची. हात कापडावर, तोंडात टाचण्या, आणि समोर हा ताटावर बसून कुणाला कुठल्या वळणावर मागे टाकलं ते सांगतोय. वेगाचं म्हणाल, तर सकाळी नव्वदने मागे टाकलेली बस जेवताना शंभरावर जायची आणि घरात पाहुणे असले तर एकशे दहावर. बायको योग्य जागी "हं" म्हणायची. तोंडात टाचण्या असल्यावर माणूस यापेक्षा जास्त काय म्हणणार?

गोदामाच्या ड्रायव्हरांचा एक रिवाज होता. खेपा आटोपल्या की सगळे फाटकाबाहेरच्या टपरीवर जमायचे, आणि ज्याला त्या दिवशी रस्त्यात कुणी मागे टाकलं असेल त्याने उभं राहून ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. कोणत्या गाडीने, कुठे, एवढंच. खोटं बोलायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. मग बसून चहा प्यायचा. बहुतेकजण उभे राहून दोन वाक्यं टाकायचे आणि विसरून जायचे. तुफान तीस वर्षांत एकदाही उभा राहिला नव्हता.

आणि मग मालकीणबाईंनी विजेवरचे ट्रक घेतले.

नवऱ्याच्या पश्चात गोदाम सांभाळणाऱ्या ह्या मालकीणबाई कमी बोलायच्या. डिझेलचे सगळे ट्रक त्यांनी एका महिन्यात विकून टाकले, तुफान अक्षरांसकट. नवे ट्रक आले ते पांढरे, एकसारखे, मागे काहीही न लिहिलेले. पहिल्या दिवशी तुफानने तोंड वाकडं करून पाय दाबला आणि वीस टन फरशी घेऊन ट्रक असा उसळला की त्याची टोपी मागच्या फळीवर गेली. तो एकदम खूश झाला. त्या आठवड्यात शहरातल्या एकेका सिग्नलला त्याने मोटारवाल्यांना गार केलं. आवाज होत नाही एवढंच काय ते त्याला खटकलं. पण हायवेवर ट्रक पंच्याऐंशीच्या पुढे जाईना. कंपनीने तिथे कुलूप घातलं होतं.

"पंच्याऐंशी तर पंच्याऐंशी," तुफान म्हणाला. "कुलपापर्यंत तर जाता येतं ना?" आणि तो गोदामाच्या फाटकापासून कुलपापर्यंत जाऊन जो बसायचा, तो परत फाटक येईपर्यंत खाली उतरत नसे.

शिकवायला आलेल्या माणसाने सगळ्यांना बसवून समजावलं होतं. वेग वाढला की समोरची हवा आडवी येते. जितकं जोरात जाल तितकी ती जास्त अडवते, आणि तिला ढकलण्यात बॅटरी रिकामी होते. पासष्टने गेलात तर निवांत पोचाल. मधुमेहाचा डॉक्टर गोडाबद्दल सांगतो ते आपण जसं ऐकतो, तसं तुफानने हे ऐकलं.

त्याच गोदामात एक मास्तर होता. पूर्वी शाळेची बस चालवायचा म्हणून मास्तर. थर्मास, रुमाल, चष्म्याचं घर, सगळं जागच्या जागी मांडून तो पासष्टने निघायचा आणि पासष्टने पोचायचा. तुफान त्याला शहराबाहेरच गाठून मागे टाकायचा, आणि वाटेतल्या चार्जिंगच्या तळावर तास-दीड तास वायर लावून बसायचा. मास्तर समोरून जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. ही ससा-कासवाची गोष्ट नव्हे. सशाने निदान झोप तरी काढली होती. तुफान टक्क जागा असायचा आणि मास्तरला जाताना बघायचा. थांबलेल्या गाडीला मागे टाकलं तर ते रिवाजात धरत नाहीत, एवढाच त्याला आधार होता.

पण जित्याची खोड. एकदा तळावरची रांग बघून तो न थांबताच पुढे निघाला आणि पुलाच्या अलीकडे ट्रक निपचित पडला. क्रेन बोलवावी लागली. पुढच्याच महिन्यात दुसऱ्यांदा तेच झालं, आणि या खेपेला गोदामाचं फाटक डोळ्यांना दिसत होतं. सगळे ड्रायव्हर हातात कप घेऊन कट्ट्यावर चढून बघत होते. क्रेनवाला आता घरच्यासारखा झाला होता. "दादा, पुढच्या वेळी निघतानाच फोन करा," तो म्हणाला, "म्हणजे मी वाटेत जेवून घेतो."

मालकीणबाईंनी त्याला आत बोलावलं. त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर प्रत्येक ट्रक कुठे आहे आणि त्यात किती जीव उरलाय ते दिसायचं.

"तुफानराव, तिसऱ्यांदा क्रेन आली तर चावी माझ्याकडे द्यायची," त्या म्हणाल्या. "तुम्ही काट्यावर बसायचं."

काटा म्हणजे फाटकाजवळची वजनाची खोली. तिथे एक खुर्ची, एक पंखा आणि एक खिडकी. येणाऱ्या ट्रकचं वजन करायचं आणि जाऊ द्यायचं. दिवसभर सगळी दुनिया तुमच्या खिडकीवरून पुढे जाणार आणि तुम्ही हलायचंसुद्धा नाही. तुफान बाहेर आला. तो घाबरला होता. आयुष्यात त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

आता बायकोच्या गाडीबद्दल सांगायला हवं. गणवेश पोचवायला तिने वर्षापूर्वी एक छोटी हिरवी विजेची मोटार घेतली होती. बॉनेटवर पिवळ्या रंगात कात्री काढून घेतली होती. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली. मीटरवर एकशे तीसपर्यंत आकडे होते, पण पन्नासच्या पुढचे आकडे अजून कोरे करकरीत. तुफान त्या गाडीत बसत नसे. बसलाच तर ओळखीचं कोणी दिसलं की बुटाची नाडी बांधायला वाकायचा. "ही काय गाडी आहे? चाकं लावलेली खुर्ची आहे," तो म्हणायचा. हायवेचं तर नावच काढायचं नाही. "तिथे ट्रकवाले असतात. तू पुढे जायला निघालीस की ते मुद्दाम वेग वाढवतात. मधेच कच खाल्लीस की संपलंच." ही माहिती त्याच्याकडे अगदी खात्रीची होती.

त्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "अहो, आज धाकटीला दवाखान्यातून सोडणार आहेत. तुमच्या वाटेवरच आहे. येताना ट्रकमधून घेऊन याल?"

धाकटी म्हणजे तिची बहीण, तुफानची मेव्हणी. जिन्यावरून पडून पाय मोडून घेतला होता, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. जीभ मात्र धडधाकट होती. "भावजी, एवढ्या घाईने घरी येऊन करता काय? झोपताच ना?" असं तिने एकदा भर पंगतीत विचारलं होतं आणि ते अजून तुफानच्या जिव्हारी लागलेलं होतं.

"माझ्या ट्रकमध्ये? त्या पायाला चढवायचं कसं?" तुफान म्हणाला. "आणि आज मला कुठेही थांबायचं नाही. माझी खुर्ची धोक्यात आहे. म्हणजे खुर्चीच मिळायची वेळ आलीय. तू भाड्याची गाडी कर."

"बघते," बायको म्हणाली.

तुफान फरशी उतरवून परतीला लागला तोवर सगळं सुरळीत होतं. सवयीने पंच्याऐंशीवर बसून तो चार्जिंगच्या तळावर आला, तर तिथे दोरी बांधलेली. वीज गेली होती, कधी येईल ते कुणाला माहीत नव्हतं. पुढे गोदामापर्यंत दुसरा तळ नव्हता. गोदाम नव्वद किलोमीटरवर, आणि ट्रक आणखी किती जाऊ शकेल तो आकडा पडद्यावर दिसत होता: अठ्ठ्याहत्तर.

त्याच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली. काट्याची खोली, पंखा, खिडकी. मग त्याने पंखा बंद केला, एसी बंद केला, रेडिओसुद्धा बंद केला. रेडिओला कितीशी वीज लागते? पण बुडत्याला काडीचा आधार. आणि तो निघाला, पासष्टने.

पडद्यावरचा आकडा हळूहळू वर सरकला. ब्याऐंशी. पण वारा समोरून होता. तुफानने दात आवळून पाय आणखी सैल केला. बासष्टवर आल्यावर आकडा आणि रस्ता जेमतेम जुळले. जरा पाय दाबला की आकडा खाली, सोडला की वर. बाजारात घासाघीस करावी तशी तुफान आणि तो आकडा करत राहिले, आणि दर वेळी तुफानलाच नमावं लागलं.

मग सुरू झालं. आधी दुधाचा टँकर गेला. मग एक बस, तिच्या मागच्या काचेतून पोरांनी जिभा दाखवल्या. मग कोंबड्यांचा टेम्पो. कोंबड्यासुद्धा माना वळवून बघत गेल्या असं तुफानला वाटलं. प्रत्येक वेळी त्याचा पाय आपोआप खाली जायचा आणि तो स्वतःच्याच गुडघ्याला हाताने धरून ठेवायचा. इतका अपमान गिळून त्याला तहान लागली.

अर्ध्याहून जास्त रस्ता संपला होता तेव्हा आरशात एक हिरवा ठिपका दिसला. ठिपका जवळ आला, बाजूच्या लेनमध्ये सरकला, थोडा पुढे आला आणि दचकून परत मागे गेला. पुन्हा बाहेर आला, पुन्हा मागे. कोणी नवशिकं दिसतंय, तुफान मनात म्हणाला. तिसऱ्या वेळी गाडी नीट आरशात आली आणि बॉनेटवर पिवळी कात्री दिसली.

बायकोची गाडी! ही इथे? हायवेवर? आणि मग त्याला सगळं उमगलं. भाड्याच्या गाडीत प्लास्टरचा पाय मावला नसेल. आतल्या जुन्या रस्त्याने गेली असेल, पण येताना त्या खड्ड्यांतून मोडका पाय कोण आणणार?

ती चौथ्यांदा बाहेर आली आणि आता ट्रकच्या मागच्या चाकापर्यंत पोचली. तिथेच घुटमळायला लागली. मागून एक मोठी बस येत होती, दिवे लावत. तुफानला ही जागा चांगली ठाऊक होती. इथेच तो तीस वर्षं लोकांना लोंबकळत ठेवत आला होता. आता नुसतं अंगठ्याएवढं दाबलं की ती मागे राहील आणि स्वतःच्या बायकोने मागे टाकलं असं जन्मात कुणी म्हणणार नाही. बॅटरीचं काय, दोन किलोमीटर कमी होतील. पायाने तर विचारायच्या आधीच सुरुवात केली होती. मीटर सहासष्टवर गेलं.

आणि आरशात ती कच खाताना दिसली. गाडी डगमगली. मागची बस हॉर्न देऊ लागली. तुफानला एकदम आपलीच भीती वाटली, म्हणजे आपण त्या बाजूच्या गाडीत असतो तर वाटली असती तशी.

त्याने पाय पूर्ण उचलला. साठ, पंचावन्न, पन्नास. खिडकीतून हात बाहेर काढून तो जोरजोरात पुढे हलवायला लागला: जा, जा, जा बाई.

हिरवी गाडी पुढे सरकली. खिडकीशी आली तेव्हा त्याने खाली पाहिलं. बायको हनुवटी स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढे झुकलेली, दोन्ही हात घट्ट, ओठ पुटपुटताहेत, नजर नाकासमोर. इकडेतिकडे बघायचं तिच्या गावीही नव्हतं. पण मागच्या सीटवर मेव्हणी पाय लांब करून आडवी बसली होती, पाठ एका दाराला आणि तोंड नेमकं ट्रककडे. तिने वर पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. तिने आ वासला.

तुफानने तोंडावर बोट ठेवलं. आयुष्यात त्याने मेव्हणीकडे कधी काही मागितलं नव्हतं. मग गाडी पुढे गेली, लेनमध्ये शिरली आणि बघता बघता वळणाआड दिसेनाशी झाली.

ट्रक गोदामात शिरला तेव्हा पडद्यावर तीन किलोमीटर उरले होते. मालकीणबाई दारात उभ्या होत्या.

"तळ बंद होता हे मला दिसत होतं," त्या म्हणाल्या. "क्रेनला फोन करायला फोन हातात घेऊन बसले होते. तुफानराव, आज ट्रक तुम्हीच चालवत होता ना?"

"हो बाई."

"मग रोज असाच चालवा. काट्यावर दुसरं कुणीतरी बघते."

टपरीवर चहा आला. तुफान उठून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, कंबर मोकळी करतोय. "दुधाचा टँकर, तळाच्या पुढे," तो म्हणाला. "बस. कोंबड्यांचा टेम्पो. मग दोन मोटारी. वाळूने भरलेला ट्रक. परत एक बस." कुणाचा कप ओठापाशी, कुणाचा हवेत. मास्तरने चष्मा काढला. "आणि एक हिरवी मोटार," तुफान म्हणाला आणि बसला. मोटार कुणाची ते सांगायचं असा काही रिवाज नव्हता. मास्तरने बिस्किटाची बशी त्याच्याकडे सरकवली.

घरी हिरवी गाडी दारात तिरकी लावलेली होती. आत मेव्हणी पलंगावर, पाय उशीवर. तुफान आत आला तशी तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग छताकडे. बायकोने हातपाय धुवायलाही वेळ दिला नाही, ताट समोर ठेवलं आणि स्वतः पुढ्यात बसली. आज तोंडात टाचण्या नव्हत्या.

"अहो, मी आज हायवेवरून आले," ती म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "आणि ऐका ना, मी एका ट्रकला ओव्हरटेक केलं."

"ट्रकला?"

"एवढा मोठा! पांढरा. तुमच्या गोदामात आलेत ना, तसलाच. आधी मला जमेना. मी बाहेर यायची की पाय कापायचे. आणि तुम्ही सांगता तसंच झालं बघा, मी शेजारी गेले तसा त्याने मुद्दाम वेग वाढवला. मला वाटलं संपलं. पण मी नाही सोडलं. दाबलाच पाय. मीटर सत्तरवर गेलं, अहो, सत्तर! आणि मग तोच मागे पडला. घाबरला असेल."

"असेल," तुफान म्हणाला. घास त्याच्या हातातच राहिला होता. एवढी वर्षं संसार झाला, पण हिला असं बोलताना त्याने पाहिलं नव्हतं. आपण रोज असेच दिसत असू का, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला लाज वाटली, आणि मग कौतुक वाटलं, आणि यातलं कुठलं जास्त ते त्याला ठरवता येईना.

"कितीने असेल हो तो?" बायकोने विचारलं. "तुम्हाला कळतं. पंच्याऐंशी तरी असेल?"

सत्तरने जाणारी गाडी पंच्याऐंशीच्या ट्रकला मागे कशी टाकेल, हा प्रश्न त्या घरात त्या वेळी कुणीही विचारला नाही. तुफानने पलंगाकडे पाहिलं. मेव्हणी त्याच्याकडेच बघत होती.

"पंच्याऐंशी कसले," तुफान म्हणाला. "ते पांढरे ट्रक ना? नव्वदला एक कमी नाही."

"मी पाहिलं ना त्याला," मेव्हणी म्हणाली. "जीव खाऊन पळवत होता बिचारा."

बायको उठून त्याच्या ताटात आणखी वाढून गेली, परत समोर बसली आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली. या वेळी ट्रकने तिला दोनदा अडवलं होतं. तुफान जेवता जेवता योग्य जागी "हं" म्हणत होता.